बारक्या तिसऱ्या

"मावशी, आज बारक्या तिसऱ्याही उचला," मी बांधावरून ओरडलो.

शेवंतीमावशी गुडघाभर खाडीत वाकली होती, आमच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा पाइप उघडतो तिथंच. गावाचं सांडपाणी थेट खाडीत जायचं तेव्हा इथं नुसता काळा, कुजका चिखल होता. केंद्र सुरू झालं, आम्ही पाणी साफ करून सोडू लागलो, आणि सहा वर्षांनी रेतीतल्या तिसऱ्या, खायचे शिंपले, परत आल्या. पहिली मूठभर तिनंच मला आणून दाखवली होती.

"बारक्या कशाला रे?" तिनं कपाळाला आठ्या घातल्या. नखाएवढे शिंपले निवडून परत रेतीत सोडायचे, ही तिच्या आईची शिस्त.

मी खाली उतरलो. टाक्यांना हवा देणारे दोन्ही ब्लोअर जळालेत, नवे यायला चार महिने लागतील, असं सांगितलं. तोवर पाणी साफ होणार नाही. घाण गावात उलटू नये म्हणून थेट खाडीचं दार उघडायचा हुकूम आलाय.

"कधी?"

"आत्ताच. तुम्ही बाहेर या, मग उघडतो."

ती टोपली घेऊन काठावर आली आणि नेहमीसारखी निवडायला बसली. मोठ्या तिसऱ्या टोपलीत, बारक्या पदरात. मग पदर सावरत पुन्हा पाण्यात उतरली आणि एकेक बारकी रेतीत दाबून आली.

"झालं," ओले हात पुसत ती म्हणाली. "आता उघड."