वरच्या फळीवरचं पुस्तक

"वरच्या फळीवरचं नको," मास्तर पलंगावरून म्हणाले आणि हातातल्या पोलादी पट्टीने त्यांनी खालची रांग दाखवली. "काळ्या पुठ्ठ्याचं घे. तिसरं."

स्टुलावर चढलेली त्यांची बायको एक निळं पुस्तक हातात धरून थांबली होती. देव नसला तरी माणसाने माणसाशी कसं वागावं, अशा अर्थाचं काहीतरी त्याच्या वेष्टणावर छापलेलं होतं. हे का नको, असं तिने विचारलं. नास्तिकतेवरच्या सगळ्या पुस्तकांत ते पुळचट आहे, असं मास्तरांनी सांगितलं. लिहिणाऱ्याने एका हाताने देव बाहेर काढला आणि दुसऱ्या हाताने दयामाया आत आणून बसवली. चाळिसाव्या पानावर त्यांनी ते मिटलं होतं, ते पुन्हा उघडलं नव्हतं. तिने पुस्तक जागेवर ठेवलं आणि काळं घेऊन खाली उतरली.

मास्तरांनी तंत्रशाळेत एकतीस वर्षं फिटरचं काम शिकवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी ते कार्यशाळेच्या माळ्यावरून पडले आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. तेव्हापासून दर दोन तासांनी ती त्यांची कूस बदलत आली होती. तसं केलं नसतं तर पाठ सडली असती. डावी कूस, उताणे, उजवी कूस. त्याचा तक्ता मास्तरांनी स्वतः आखून समोरच्या भिंतीवर लावून घेतला होता. दहा मिनिटं उशीर झाला की त्या चौकटीत लाल फुली पडे, आणि ती ते तिच्याच हाताने मारून घेत.

चार महिन्यांपूर्वी तिची बहीण आली होती. भाऊजींना एखाद्या शुश्रूषागृहात ठेव, तुझ्या कमरेचे टाके ढिले झालेत, असं तिने स्वयंपाकघरात समजावलं. त्यावर हिचं उत्तर पलीकडच्या खोलीत स्पष्ट ऐकू आलं. "असं टाकून दिलं तर वर गेल्यावर काय तोंड दाखवू?"

मास्तर खदाखदा हसले. मग आठवडाभर त्यांना तोच विषय पुरला. वरचा साहेब हजेरी घेतो का, त्याच्याकडेही तक्ता आहे का, लाल पेन्सिल कोणत्या कंपनीची वापरतो. ती आपलं काम करत राही. एकदा मात्र चादर बदलता बदलता तिने मान वर केली आणि म्हणाली, "मलाही वाचायला द्या काहीतरी. तुम्हीच निवडा."

इतका आनंद मास्तरांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. त्यांनी निवड अगदी शिस्तीत केली. लोखंड घासताना आधी खरबरीत कानस, मग मध्यम, शेवटी बारीक. प्रत्येक कानशीने आधीच्या कानशीचे ओरखडे काढायचे. पुस्तकांचा क्रम तसाच लावला. पहिलं चमत्कार मोडून काढणारं. दुसरं प्रार्थनेचा हिशेब तपासणारं. काळं, म्हणजे तिसरं, मेल्यानंतर काहीच उरत नाही हे पायरीपायरीने सिद्ध करणारं. चौथं सगळ्यांत बारीक: विश्वाला कोणीही पाहत नाही आणि कोणीही जाब विचारत नाही.

दोन कुशींच्या मधल्या वेळात ती वाचत असे. दर रविवारी मास्तर तोंडी परीक्षा घेत. सुरुवातीला ती अडखळे. पुढे ती त्यांनाच उलटे प्रश्न विचारू लागली, आणि तेही नेमके. एकतीस वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नाही, असं ते शेजाऱ्याला तिच्यादेखत म्हणाले. जेवणाआधी क्षणभर डोळे मिटायची तिची जन्माची सवय होती. तिसरं पुस्तक संपलं त्या दिवशी तिने डोळे मिटले नाहीत, सरळ घास उचलला. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त गेले.

पुढे एके दिवशी सकाळी चौथं पुस्तक संपत आलं होतं. दहाचा गजर झाला. ती खुर्चीतून उठली नाही. शेवटचं पान तिने सावकाश वाचलं, पुस्तक मिटलं आणि गजर बंद केला.

"दहा वाजले," मास्तर म्हणाले.

"हो."

"मग? पटलं की नाही?"

"पटलं," ती म्हणाली. "सगळं पटलं. वर कोणी नाही."

मास्तरांनी समाधानाने मान डोलावली आणि कूस बदलून घेण्यासाठी हात पुढे केला. तो तसाच हवेत राहिला. सकाळभर तिच्या पुस्तकावर खिळलेली त्यांची नजर आता समोरच्या भिंतीवर गेली. तिथे तक्ता नव्हता. चार खिळ्यांमध्ये फिकट चौकोन तेवढा उरला होता. दाराशी त्यांच्या कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती, आणि तक्त्याची सुरळी तिच्यातून वर डोकावत होती. शुश्रूषागृहाची माणसं अकराला येतील, असं तिने सांगितलं. ती स्वतः बहिणीकडे चालली होती.

मास्तरांची पाठ जळू लागली होती. त्यांनी पट्टी उचलून वरच्या फळीकडे रोखली.

"अगं, थांब. एक राहिलंय. ते निळं. ते वाचल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही."

ती स्टुलावर चढली. तिने पुस्तक काढलं, धूळ पुसली, चाळिसावं पान उघडलं. समासात मास्तरांच्या रेखीव अक्षरात एकच शब्द होता, 'भाबडेपणा', आणि पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली. उघडं पुस्तक तिने त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं.

"तुम्हाला वेळ मिळेल आता," ती म्हणाली. मग चादरीची घडी सवयीने सरळ केली. "काळजी करू नका. तिथली माणसं देवाला भिऊन असतात. दर दोन तासांनी न चुकता कूस बदलतील. फक्त त्यांना पुस्तकं निवडून देऊ नका."