पोपटी शर्टपीस

"हा पोपटी पीस कुणाच्याही अंगावर शिवून बसला ना, तर मी अर्धी मिशी उतरवीन!" दिगंबर पोफळे कट्ट्यावर गरजले.

"आणि नाही बसला, तर महिनाभर भजी माझ्याकडून," शेजारच्या शशिकलावहिनी म्हणाल्या.

पीस आहेरात सगळी कॉलनी फिरून आला होता. हल्लीच्या कापडाला खोटं चालत नाही. खांद्यावर टाकणाऱ्या माणसाला ते मनापासून आवडलं, तरच ते त्याच्या अंगावर स्वतःला आपलं आपण शिवून घेतं.

रविवारी कॉलनीच्या गणपतीच्या मंडपात एकेकाने पीस खांद्यावर टाकला. कापड ढिम्म! पोफळे खुशीत मिशी पिळत होते. त्यांचे स्वतःचे शर्ट सगळे राखाडी, तेही जुन्या पद्धतीचे, मन न वाचणारे.

"भावजी, आता तुम्हीच राहिलात," शशिकलावहिनी म्हणाल्या.

"मी? हा रंग? अहो, पोपट येऊन बसतील अंगावर!"

लोक हसले. त्या हशातच पोफळ्यांनी पीस खांद्यावर फेकला.

कापड गरम झालं. बाह्या सरसर मनगटापर्यंत उतरल्या, कॉलर ताठ उभी राहिली, छातीला खिसासुद्धा फुटला.

"तरीच!" पोफळ्यांची बायको ओरडली. "माझी पोपटी साडी सारखी हातात घेऊन बघत असतात!"

सलूनवाल्या बबनने मंडपातच खुर्ची मांडली. वस्तरा फिरला, डावी मिशी गेली, शिट्ट्या पडल्या.

"काका, उजवी पण काढू?"

"नको, पैज अर्धीचीच होती," पोफळे म्हणाले. "आणि आरसा जरा खाली धर रे. मला शर्ट बघू दे."