उलटा शिक्का

"अगं, हळू! बोट कापशील," आई मशीन थांबवून ओरडली.

लेकीने मान वर केली नाही. पांढऱ्या खोडरबरावर तिने पेन्सिलीने कात्री काढली होती, शेजारी घड्याळ आणि खाली अक्षरं: ‘या हं!’ कात्री म्हणजे मायलेकींचं शिवणकाम. पुढच्या खोलीत शेजारी शेजारी दोन मशीनं होती, त्यांवरच घर चालायचं. घड्याळ म्हणजे नवरदेव. कोपऱ्यावर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. छापील पत्रिका नको, लिफाफ्यांवर घरी केलेला शिक्का मारायचा, ही लेकीची हौस.

पात्याच्या टोकाने तिने रेषा तेवढ्या ठेवून बाजूचं रबर उकरून काढलं. खोडरबर स्टॅम्प पॅडवर दाबलं, एका लिफाफ्यावर टेकवलं, उचललं.

कात्री झकास. घड्याळही झकास. अक्षरं मात्र उलटी.

"ही कुठली गं लिपी?" आईने विचारलं, आणि दोघी पोट धरून हसल्या.

दुसऱ्या खेपेला लेक शहाणी झाली. अक्षरं आधी पातळ कागदावर काढली, तो कागद खोडरबरावर पालथा घातला आणि नखाने घासला. रबरावर अक्षरं उलटी उमटली, म्हणजे लिफाफ्यावर सुलटी येणार. आली. दुपारपर्यंत चाळीस लिफाफे कपड्यांच्या दोरीवर वाळत होते.

"मामाला पाठवायचा?" लेकीने हळूच विचारलं.

आईचा चेहरा उतरला. तिचा हा थोरला भाऊ लग्न ठरल्यापासून रुसून बसला होता. "घाई कसली एवढी? माणूस पारखून तरी घ्या," तो फोनवर म्हणाला होता. "त्याच्या दुकानातली दोन घड्याळं कधी एक वेळ दाखवत नाहीत. असल्याच्या हाती आपलं माणूस द्यायचं?" आणि फोन ठेवून दिला होता. लेक पाळण्यात असताना तिचे वडील गेले, तेव्हा पहिलं मशीन याच मामाने खांद्यावरून आणून दिलं होतं. तो नसेल तर लग्नाला कसली शोभा?

"पाठव," आई म्हणाली. "बघू."

चार दिवसांनी मामा दारात उभा. हातात लिफाफा.

"हे काय पाठवलंय? अर्धा तास चष्मे बदलून बदलून बघतोय. शेवटी तुझी मामी म्हणाली, आरशापुढे धरा."

लेकीने जीभ चावली. बिघडलेला पहिलाच लिफाफा गठ्ठ्यात मिसळून गेला होता.

"मग? वाचलंस ना?" आईने विचारलं.

"वाचलं. आणि वाचता वाचता माझं तोंडही दिसलं." मामा खुर्चीत बसला. "इतका तिरसट म्हातारा मी झालो कधी गं?"

आईने त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि डोळे पुसले.

चहा न घेताच मामा उठून कोपऱ्यावर गेला. परत आला तो तब्बल दीड तासाने. "बोलतो कमी, ऐकतो जास्त," त्याने निकाल दिला. "चालेल."

लग्नाच्या दिवशी सकाळी मायलेकींनी मिळून बॅग भरली. जायचं होतं ते चार पावलांवर, आणि शिवायला रोज इथेच यायचं हेही ठरलं होतं. तरी बॅगेची चेन ओढताना दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मामा बाहेरून ओरडत होता, "आटपा! रडायचं ते वाटेत रडा!"

नोंदणी कार्यालयात नवरदेव तासभर आधीच येऊन बसला होता. मामा त्याच्या शेजारी, त्याच्याहून ताठ. बाकी बाकांवर लिफाफे मिळालेली सगळी मंडळी दाटीवाटीने बसली होती.

अधिकाऱ्यांनी रजिस्टर उघडलं. समोरच्या दोघींकडे पाहिलं आणि हसून लेकीपुढे पेन धरलं. "या, नवरीबाई. इथे सही करा."

लेकीने पेन घेतलं आणि आईच्या हातात दिलं.

"नवरी ही," ती म्हणाली. "मी साक्षीदार."