चालू तासाला लागलेला डोळा

महामारीत कॉलेजला कुलूप लागलं आणि डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाचे तास मोबाईलवर भरू लागले. एका सकाळी सर शिकवत असताना कोणीतरी चक्क घोरू लागलं. वर्गात खसखस पिकली.

"कोण तो महाभाग?" सर कडाडले.

पडद्यावर एक बाई डोकावली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सर, मी त्याची आई. महिनाभर याच्या डोळ्याला डोळा नाही. 'माझ्याच्यानं डॉक्टरकी व्हायची नाही' म्हणून रडत असतो. आत्ता तुमचं ऐकता ऐकता झोपलाय. उठवू का?"

हसू जागच्या जागी विरलं.

"नका उठवू. मानेखाली उशी द्या," सर म्हणाले. मग वर्गाला विचारलं, "आणखी कोणाला झोप येत नाही? खरं सांगा."

मग एका मुलीनं हात वर केला. बघता बघता पडदा हातांनी भरून गेला.

सरांनी पुस्तक मिटलं. "आज नुसतं बोलू या. सुरुवात माझ्यापासून. दोन महिने मीही टक्क जागा होतो. गेल्या आठवड्यात लाज सोडून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. काल सलग पाच तास झोपलो."