कपाळावरचा टोला

होतेनने चमचा उचलला तशी नेझ्काने डोळे मिटून घेतले. पण कपाळावर टोला बसलाच नाही. तिने डोळे उघडले, तर सासऱ्याने तो चमचा लापशीत घातला होता.

चूक तिचीच होती, पाळी नसताना तिने चमचा घातला होता. घरात काठवट एकच, चमचे मात्र ज्याचे त्याचे. आधी सासरा घास घेणार, मग सासू, मग मुलगा, शेवटी सून. कोणी पाळी मोडून मधेच चमचा घातला, की होतेनचा भूर्जाच्या लाकडाचा चमचा थेट त्याच्या कपाळावर. यातून घरच्या कोणाची सुटका नव्हती. सुटका फक्त पाहुण्याची. पाहुण्याने अख्खी काठवट पुढ्यात ओढली तरी त्याला कोणी काही बोलत नसे.

नेझ्काने पहिला टोला खाल्ला तो लग्नाच्या तिसऱ्या दिवशी. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि नवरा स्नोविद पोट धरधरून हसला.

"रडतेस काय, वेडे? झालीस आता घरची!"

दुसऱ्या दिवशी होतेनने तिच्यासाठी नवा चमचा कोरला आणि दांड्यावर घराची खूण काढली, एक मासा आणि तीन रेघा. पुढची दोन वर्षं टोल्यांना तोटा नव्हता, कारण नेझ्का मुळातच हावरी. "या पोरीला वळण लावता लावता माझे चमचे झिजले," असं म्हातारा गल्लीभर सांगत फिरायचा. सांगताना मिशीत हसायचा.

यंदा नदीवरचा कच्चा बर्फ फुटला आणि स्नोविद लाकडं लादलेल्या घसरगाडीसकट पाण्याखाली गेला. तेव्हापासून नेझ्काचं जेवणात लक्षच नसायचं. कधी स्नोविदच्या पाळीला ती थांबून राहायची, कधी सासूच्याही आधी हात घालायची. होतेन चमचा उचलायचा आणि परत खाली आणायचा. एकदाही टोला बसला नाही.

काय ते नेझ्का समजली. पदरात मूल नाही, नवरा गेला. मेलेल्याच्या नावाने चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं की अशा मुलीला माहेरचे घेऊन जातात. सासरच्यांनी "राहा" म्हटलं तर गोष्ट वेगळी. पण सुनेने ते आपल्या तोंडाने मागायचं नसतं. तिला राहायचं होतं. लाकडाच्या भुश्याच्या वासाचं हे घर तिला सोडवत नव्हतं, आणि ही दोन म्हातारी माणसं तर त्याहून नाही. पण तिला राहा म्हणणारं कोणी नव्हतं.

चाळिसाव्या दिवशी सकाळीच तिचा भाऊ प्रोक्षा घसरगाडी घेऊन आला. नेझ्काची पेटी गाडीवर बांधून झाली. मग सगळे जेवायला बसले. काठवटीत मध घातलेले शिजवलेले गहू होते आणि कडेला स्नोविदचा चमचा पालथा ठेवला होता. प्रोक्षाला थंडीत सडकून भूक लागली होती. त्याने कमरेचा चमचा काढला आणि म्हाताऱ्याच्याही आधी घास उचलला.

"घ्या, घ्या, दमून आलात," होतेन म्हणाला आणि त्याने काठवट त्याच्याकडे सरकवली.

नेझ्का ते बघत राहिली. मग तिने चमचा काठवटीत घातला. सासऱ्याच्या आधी. घास गिळून पुन्हा घातला, पुन्हा एकदा घातला. तोंड भरलेलं, गालांवरून पाणी वाहत होतं, तरी हात थांबेना.

"अगं ए, लाजबीज आहे का?" प्रोक्षा ओरडला. "मोठी माणसं बसलीत अजून!"

"खाऊ दे तिला," होतेन खाली बघून म्हणाला.

नेझ्काचा चमचा हातातून गळून पडला.

"बाबा, मारा ना मला!" ती म्हणाली. "चाळीस दिवसांत एकदाही मारलं नाहीत. पाहुणी झाले का मी?"

होतेनने मान वर केली. या पोरीच्या मनात इतके दिवस हे होतं, हे त्याला आता कळत होतं.

"पाहुणी? अगं, केवढा तडाखा बसलाय तुला. त्यावर आणखी मी मारू? माझा हातच उठेना, पोरी."

"आणि तोंडही उघडेना!" सासू फेदोस्या पदराने डोळे पुसत कडाडली. "रोज म्हणते मी, तिला राहा म्हणा. तर हे म्हणतात, तरणी पोर आहे, आपल्या म्हातारपणापायी तिला अडकवू नये. आता बघत काय बसलात? मारा की! पेटी बांधलीय तिची!"

होतेनने चमचा उचलला. नेझ्काने डोळे मिटले नाहीत. टोला इतका हलका बसला की आवाजसुद्धा झाला नाही; मधाचा एक गहू तेवढा तिच्या कपाळाला चिकटला.

"पाळी बघून खावं," म्हातारा म्हणाला.

मग त्याने काठवट पुन्हा प्रोक्षापुढे सरकवली.

"तुम्ही घ्या हो आधी. इथे पाहुणे तुम्ही एकटेच."