ठोंबऱ्यांची चाल

सहा वाजले तसे श्रीरंग बिडवे पलंगावर पुन्हा चुळबुळू लागले. मोडलेल्या नडगीच्या हाडात बसवलेली धातूची पट्टी काढून चार दिवस झाले होते, टाके ओढत होते, तरी पायाला सवयीनं बाहेर जायचंच होतं. ती पट्टी आधी दुसऱ्याच कुणाच्या पायात होती आणि त्याची चाल शिकून बसली होती. दोन वर्षं रोज सहाला ती बिडव्यांना एका अनोळखी फाटकापर्यंत ओढत न्यायची. त्या जाचाला कंटाळूनच त्यांनी ती काढून घेतली होती.

तेवढ्यात बेल वाजली. एक म्हातारी बाई शिऱ्याचा डबा घेऊन आली होती.

"मी ठोंबरे. ते फाटक आमचं," ती म्हणाली. "हे गेल्यानंतर मी रोज तुमची पावलं ऐकायचे. अगदी ह्यांचीच चाल. चार दिवस आला नाहीत, म्हणून विचारत विचारत आले."

बिडव्यांचा हात उशाखाली ठेवलेल्या पट्टीकडे गेला.

ती निघाली तेव्हा बिडव्यांची सून मृदुला डबा धुऊन त्यात घालायला साखर शोधू लागली. रिकामा कसा परत द्यायचा?

"थांब, इकडे आण," बिडवे म्हणाले आणि उशाखालची पट्टी त्यांनी डब्यात ठेवली.

बाई जिना उतरू लागली, तसा डबा तिच्या हातात घराकडे ओढ घेऊ लागला.