झाकणाचा आवाज

डॉक्टरांनी बजावलं, "काका, गुडघ्यासाठी ती गोळी ऊठसूट घेऊ नका, या वयात किडनीला महागात पडेल. त्यापेक्षा हात न टेकवता खुर्चीतून उठबस करा." जन्मभर पोरांना उठाबशा काढायला लावणारा मास्तर मी. आता या वयात स्वतः काढू? मी सरळ कानाडोळा केला.

सूनबाईने गोळ्या समोरच्या कपाटात ठेवल्या आणि माझ्यावर पहारा बसवला. मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. ती स्वयंपाकघरात गेली रे गेली की मी हळूच उठायचो. हात टेकला की खुर्ची करकरते, म्हणून हात न टेकवता. तेवढ्यात आतून झाकण वाजायचं आणि मी गपकन खाली बसायचो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. गोळी काही हाती लागेना, गुडघा मात्र हलका होत गेला.

"माझं हाडच दणकट," मी मुलाला ऐटीत सांगितलं.

काल सूनबाईचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं.



"हो डॉक्टर, बाबांचा व्यायाम अगदी नियमित चालू आहे. मला फक्त मधूनमधून झाकण वाजवावं लागतं."